भाषेला खोली द्यायची की घर? विकिपीडियाच्या पत्त्याचं प्रकरण

मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या पानाची लिंक तुम्ही कधी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर टक्केवारीच्या चिन्हांची ती लांबलचक माळ तुम्ही पाहिलीच असेल. ब्राउझरच्या पट्टीत साधं ‘मुखपृष्ठ’ दिसतं. कॉपी करून पेस्ट केलं की त्याच शब्दाची ७२ अक्षरं होतात. हिशेब सोपा आहे. म, उकार, ख, प, ऋकार, ष, हलन्त आणि ठ अशी ही आठ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि पत्त्यात एकेक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. आठ गुणिले नऊ, बहात्तर.

या माळेकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तिच्या कितीतरी आधी, पत्त्याच्या अगदी सुरुवातीला असलेल्या ‘एमआर’ या दोन अक्षरांकडे मात्र कुणी बघत नाही. अनेक भाषांच्या संकेतस्थळाचं डोमेन कसं रचावं, हा प्रश्न विकिपीडियाने तिथे सोडवलेला आहे. कसा सोडवला, त्याचं बिल कुणी किती वर्षं भरलं आणि बदल्यात काय मिळालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

एखादी संस्था, दुकान किंवा प्रकाशक आपलं संकेतस्थळ दुसऱ्या भाषेत न्यायचं ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, देशाचं डोमेन: जर्मनीसाठी डॉट डीई, भारतासाठी डॉट इन. दुसरी, सबडोमेन: मूळ नावाच्या आधी भाषेचा संकेत. तिसरी, फोल्डर: मूळ नावानंतर तिरकी रेघ आणि मग भाषा. यातलं काय घ्यावं यावर जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा ‘गूगलला काय आवडतं’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते तो प्रश्न शेवटी विचारावा. तो आधी विचारला की उत्तर चुकतं.

मार्च २००१

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ला सुरू झाला. दोनच महिन्यांत, मार्चच्या मध्यावर, जर्मन आणि कातालान आवृत्त्या उघडल्या. तेव्हा मूळ डोमेन डॉट कॉम होतं, आणि जर्मन आवृत्तीच्या पत्त्यात आजचा ‘डीई’ नव्हता, ‘डॉइचे’ असा अख्खा शब्द होता. जपानीसाठी ‘निहोंगो’. दोन-तीन अक्षरांचे प्रमाणित संकेत पत्त्यांत नंतर आले.

सबडोमेन का निवडलं? याचं उत्तर धोरणात शोधू नये, सॉफ्टवेअरमध्ये शोधावं. तेव्हाचा विकिपीडिया ‘यूजमॉडविकी’ नावाच्या पर्ल भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालत होता. मजकूर डेटाबेसमध्ये नव्हे, साध्या फायलींत साठवला जाई. एक संच म्हणजे एक विकी. दुसरी भाषा हवी तर दुसरा संच मांडायचा आणि त्याला वेगळं नाव द्यायचं. त्यातच अक्षरसंकेतनाचा गुंता. पश्चिम युरोपच्या भाषांना पुरेल असं लॅटिन-१ संकेतन इंग्रजीला चालून जात होतं. जपानीला ते चालणं शक्यच नव्हतं. इंग्रजी विकिपीडिया तर २००५च्या जूनपर्यंत लॅटिन-१वरच होता, आणि तोवर मराठीसह इतर बऱ्याच भाषा यूटीएफ-८वर नांदत होत्या. एकाच छपराखाली दोन संकेतनं ठेवण्यापेक्षा दोन घरं बांधणं सोपं होतं.

म्हणजे ज्याला आज आपण ‘डोमेन धोरण’ म्हणतो, ती तेव्हा निव्वळ सोय होती. पण सोयीसाठी घातलेली भिंत पुढे घराचा आराखडा ठरवते.

सुरुवातीची एक गडबड मात्र लवकर सुधारली गेली. आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा पत्ता टाकला की थेट इंग्रजी विकिपीडिया उघडायचा. बाकी भाषांना आपापलं उपनाव, आणि इंग्रजी मात्र बिननावाची, जणू घरची मालकीण. पुढे इंग्रजीलाही बाकीच्यांसारखं ‘ईएन’ हे उपनाव मिळालं आणि मुख्य पत्त्यावर सगळ्या भाषांची यादी आली. बारीक वाटणारी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या कित्येक सरकारी आणि खासगी संकेतस्थळांवर इंग्रजी मूळ पत्त्यावर बसलेली असते आणि मराठी कुठल्यातरी फोल्डरमध्ये. कोणती भाषा मूळ आणि कोणती अनुवाद, हे पत्ताच सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट घडली स्पॅनिशमध्ये. फेब्रुवारी २००२मध्ये विकिपीडियावर जाहिराती येऊ शकतात अशी चर्चा निघाली आणि स्पॅनिश विकिपीडियाच्या बऱ्याच संपादकांनी चूल वेगळी मांडली. सेव्हिया विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश उभा केला. मजकुराचा परवाना खुला असल्यामुळे हे कायदेशीरही होतं. त्याच वर्षी विकिपीडिया डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर आला. नावामागची तीन अक्षरं तेव्हा लोकांना पैशाच्या हेतूची खूण वाटत होती. स्पॅनिश विकिपीडियाला या फुटीतून सावरायला बराच काळ लागला.

देशाचं डोमेन का नको

मराठीसाठी देशाचं डोमेन घ्यायचं म्हटलं तर कुठलं घेणार? ‘एमआर’ हा मराठीचा प्रमाणित भाषासंकेत. पण डॉट एमआर हे डोमेन आहे मॉरिटानियाचं, पश्चिम आफ्रिकेतल्या वाळवंटी देशाचं. ही गंमत आपल्या बहुतेक भाषांच्या वाट्याला आली आहे. गुजरातीचा ‘जीयू’ ग्वामकडे, बंगालीचा ‘बीएन’ ब्रुनेईकडे, मल्याळमचा ‘एमएल’ मालीकडे, पंजाबीचा ‘पीए’ पनामाकडे, संस्कृतचा ‘एसए’ सौदी अरेबियाकडे, आणि कन्नडचा ‘केएन’ कॅरिबियनमधल्या सेंट किट्स अँड नेविसकडे. स्वीडिशचीही तीच तऱ्हा. भाषा ‘एसव्ही’, देश ‘एसई’, आणि डॉट एसव्ही मात्र एल साल्वाडोरचं. भाषा आणि देश या दोन वेगळ्या याद्या आहेत, हे पटवून द्यायला मी हीच उदाहरणं देतो, आणि ती दिली की वाद सहसा पुढे चालत नाही.

‘डॉट भारत’चं काय, असा प्रश्न इथे हमखास येतो. देवनागरीतलं हे डोमेन ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालं. पण ते एकट्या मराठीचं नाही. मराठी, हिंदी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी अशा आठ भाषा त्यात येतात. म्हणजे ते लिपीचं डोमेन आहे, भाषेचं नव्हे. मराठी आणि हिंदी आवृत्त्या वेगळ्या दाखवायच्या असतील तर ‘डॉट भारत’ घेऊनही मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

देशाच्या डोमेनचा खरा धोका मात्र कायद्यातून येतो. विकिपीडियाने तो जर्मनीत अनुभवला. विकिपीडिया डॉट डीई हे डोमेन तिथल्या विकिमीडिया संस्थेच्या हाती आहे. त्यावर लेख नाहीत, तिथून वाचक मूळ जर्मन विकिपीडियाकडे जातात. नोव्हेंबर २००८मध्ये तिथल्या संसदेच्या एका सदस्याने स्वतःवरच्या लेखातल्या मजकुरावर हरकत घेऊन ल्युबेकच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हुकूम जर्मन संस्थेवर होता, त्यामुळे डॉट डीईवरून लेखांकडे जाणारी वाट बंद झाली. काही दिवसांतच त्या सदस्याने माघार घेतली. या सगळ्या काळात ‘डीई’ सबडोमेनवरचा जर्मन विकिपीडिया जसाच्या तसा चालू होता, कारण तो वेगळ्या डोमेनखाली, वेगळ्या देशातल्या संस्थेकडे होता. लेख डॉट डीईवर असते तर अख्खा ज्ञानकोशच त्या हुकुमाखाली आला असता.

याचा अर्थ देशाचं डोमेन कुणीच घेऊ नये, असा नाही. जिथे किंमत, कर, परतफेडीचे नियम आणि ग्राहक न्यायालय देशागणिक बदलतं, तिथे देशाचं डोमेनच प्रामाणिक. दुकानाचं गणित वेगळं, ज्ञानकोशाचं वेगळं.

भिंतीने काय दिलं

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. इंग्रजी विकिपीडियाची ही अनुवादित शाखा नव्हे, आणि हे समजून घ्यायला आत शिरावं लागतं. इथे चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. कारभार पाहणारे ते ‘प्रचालक’. मतदान म्हणजे ‘कौल’. पत्त्यांतसुद्धा ‘सदस्य’, ‘वर्ग’, ‘साचा’, ‘विशेष’ हे शब्द मराठीत आहेत. कुठला लेख ठेवायचा, कुठला काढायचा, शुद्धलेखनाचा कोणता नियम पाळायचा, हे मराठी संपादक ठरवतात. त्यासाठी इंग्रजी विकिपीडियाची परवानगी लागत नाही.

हे सगळं फोल्डरमध्ये करता आलं नसतं का? तांत्रिकदृष्ट्या बरंचसं आलं असतं. एकाच डोमेनखालच्या दोन फोल्डरांमागे दोन वेगळे सर्व्हर बसवता येतात. वाचकाला कळतही नाही. पण एक गोष्ट फोल्डरमध्ये जमत नाही, आणि तांत्रिक सल्लागारही ती क्वचितच सांगतात. ब्राउझर ‘हे पान कुणाचं’ हे होस्टच्या नावावरून, म्हणजे पत्त्यातल्या तिरक्या रेघेआधीच्या भागावरून ठरवतो, फोल्डरवरून नाही. विकिपीडियावर प्रत्येक भाषेतले विशेष अधिकार असलेले सदस्य आपल्या विकीसाठी जावास्क्रिप्ट लिहू शकतात आणि ती सगळ्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालते. सगळ्या भाषा फोल्डरांत असत्या, तर एका छोट्या भाषेतल्या एका फुटलेल्या पासवर्डमागून घातलेली वाईट स्क्रिप्ट ब्राउझरच्या नजरेत इंग्रजी विकिपीडियाचीच ठरली असती. सबडोमेनमुळे आग बरीचशी त्या घरापुरती राहते.

भिंतीचा तोटाही याच जागी आहे. घर स्वतंत्र म्हणजे आत काय शिजतंय ते शेजाऱ्याला दिसत नाही. क्रोएशियन विकिपीडियावर काही प्रचालकांनी वर्षानुवर्षं इतिहासाला आपल्या राजकारणाचा रंग दिला. प्रकरण २०१३मध्ये इतकं चव्हाट्यावर आलं की तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा ज्ञानकोश न वापरण्याचा सल्ला दिला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने करून घेतलेला त्यावरचा अहवाल यायला २०२१ उजाडलं. सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि सर्बो-क्रोएशियन ही चार वेगळी घरं. भाषा एकमेकींना सहज कळणाऱ्या, पण दारं चार. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेची कहाणी निराळी. ती भाषा धड न येणाऱ्या एका संपादकाने हजारो लेख लिहून ठेवले होते आणि २०२०पर्यंत ते फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. नजर टाकायला घरात दुसरं कुणी नव्हतंच.

दुरुस्तीचं बिल

वेगळ्या घरांची तीन मोठी बिलं विकिपीडियाने भरली, आणि प्रत्येक बिल फिटायला काही वर्षं लागली.

पहिलं चित्रांचं. प्रत्येक भाषेचा विकी वेगळा, म्हणून रायगडाचा एकच फोटो मराठीत वेगळा चढवायचा, इंग्रजीत वेगळा, हिंदीत वेगळा. यावर उपाय म्हणून सप्टेंबर २००४मध्ये कॉमन्स आलं, सगळ्या भाषांचं सामाईक कोठार.

दुसरं खात्यांचं. कित्येक वर्षं मराठी विकिपीडियावरचं तुमचं खातं इंग्रजीवर चालत नव्हतं. इतकंच नव्हे, तुमच्या नावाने इंग्रजीवर कुणी भलताच बसलेला असू शकायचा. २००८पासून खाती जोडायला सुरुवात झाली, पण टकरावाची नावं उरलीच. शेवटी २०१५मध्ये निकाल लावला. एका नावाचा एकच मालक, बाकीच्यांच्या नावाला शेपूट. मराठीवरून आलेल्या टकरावाच्या खात्यामागे ‘एमआरविकी’ असं शेपूट लागलं. लग्नानंतर सासरी त्याच नावाची जाऊबाई निघावी, तसा प्रकार. कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी ओळखीची चिठ्ठी, मूळ डोमेनवर ठेवता येते, म्हणून निदान विकिपीडियाच्या सगळ्या भाषांत एकदाच लॉगिन करून फिरता येऊ लागलं. पण विक्शनरी हा शब्दकोश, कॉमन्स ही वेगळी डोमेनं. ब्राउझरांनी परक्या डोमेनच्या कुकीज अडवायला सुरुवात केल्यावर तिथे लॉगिन तुटू लागलं, आणि अलीकडे सगळ्यांचं लॉगिन एकाच मध्यवर्ती पत्त्यावर न्यावं लागलं. ज्यांना भाषेगणिक पूर्ण वेगळं डोमेन घ्यायचा मोह होतो, त्यांनी या एका प्रश्नाचा खर्च आधी मांडून पाहावा.

तिसरं बिल सर्वांत जाचक. लेखासोबत दिसणारी ‘इतर भाषांत’ ही यादी आज सहज वाटते. पूर्वी ती प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखाच्या तळाशी हाताने लिहिलेली असे. ‘पुणे’ हा लेख शंभर भाषांत असेल, तर शंभर लेखांत प्रत्येकी नव्व्याण्णव दुवे. एका भाषेत शीर्षक बदललं की नव्व्याण्णव ठिकाणी दुरुस्ती. हे काम बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, करत बसायचे, आणि छोट्या विकींवर ‘अलीकडील बदल’ उघडलं की माणसांपेक्षा बॉटच जास्त दिसायचे. ऑक्टोबर २०१२मध्ये विकिडेटा हे सगळ्या भाषांचं सामाईक माहिती-कोठार सुरू झालं. जानेवारी २०१३मध्ये हंगेरियनपासून आरंभ करून मार्चपर्यंत सगळ्या भाषांचे दुवे तिथे एका जागी गेले. जे काम पहिल्या दिवशी एका सामाईक तक्त्यात करायला हवं होतं, ते करायला बारा वर्षं लागली.

चौथं बिल छोटं, पण बोधक. मोबाईलसाठी भाषेच्या संकेतानंतर आणखी एक ‘एम’ लावलेला पत्ता केला गेला. सुरक्षा प्रमाणपत्रातली ‘तारांकित’ नोंद फक्त एक पायरी झाकते, त्यामुळे भाषा आणि त्याखाली मोबाईल अशा दोन पायऱ्यांना वेगळी नोंद लागायची. फोनवरून साधा पत्ता उघडला की एक रीडायरेक्ट, म्हणजे मंद नेटवर आणखी एक थांबा. आणि फोनवरून पाठवलेली लिंक संगणकावर उघडली की तेच फोनचं ताणलेलं पान. शेवटी २०२५मध्ये हा ‘एम’ मागे पडला आणि मोबाईललाही मूळ पत्त्यावरूनच पान मिळू लागलं. भाषेला सबडोमेन दिलं म्हणून उपकरणालाही द्यायचं, हा सवयीने झालेला निर्णय होता.

नाव दिलं की ते चिकटतं

संकेत निवडताना घाई झाली तर काय होतं, त्याचा नमुना ‘एएलएस’. आलेमानिक या जर्मनच्या बोलीसमूहाच्या विकिपीडियाने सुरुवातीला ही तीन अक्षरं घेतली. अल्सास भागातल्या अल्सेशियन बोलीवरून सुचलेली, तर्कशुद्ध वाटणारी. मग २००७मध्ये भाषांच्या तीन अक्षरी संकेतांचं अधिक विस्तृत मानक आलं, आणि त्यात ‘एएलएस’ गेलं तोस्क अल्बेनियनला. आलेमानिकचा खरा संकेत ‘जीएसडब्ल्यू’. तो पत्ता टाकला की तुम्ही जुन्याच पत्त्यावर जाऊन पोचता.

बेलारशियनची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. त्या भाषेत शुद्धलेखनाच्या दोन परंपरा आहेत. २००७मध्ये अधिकृत शुद्धलेखनवाल्यांना ‘बीई’ मिळालं आणि जुनी परंपरा पाळणाऱ्यांची रवानगी झाली ज्या पत्त्यावर, त्यात ‘ओल्ड’ हा शब्द होता. आपण लिहितो ती भाषा पत्त्यातच ‘जुनी’ ठरवलेली पाहत त्यांनी आठ वर्षं काढली. २०१५मध्ये त्यांना ‘तरास्क’ हे त्यांच्या परंपरेचं नाव सांगणारा पत्ता मिळाला. डेटाबेसचं आतलं नाव मात्र ‘ओल्ड’वालंच राहिलं, कारण चालत्या गाडीचं इंजिन बदलण्याइतकं ते अवघड.

संकेतस्थळ कितीही छोटं असो, माझा आग्रह असतो की पत्त्यातला भाषासंकेत मानकातलाच घ्यावा. ‘मराठी’चं ‘एमएआर’ करावं की ‘एमआर’, यावर घरगुती मत चालवू नये. दोन अक्षरी आहे तर दोनच घ्यावीत.

चीन आणि तुर्कस्तान

मे २०१५मध्ये चीनने चिनी भाषेचा विकिपीडिया बंद केला. बाकीच्या भाषा तिथे उघडत राहिल्या. पुढच्याच महिन्यात विकिमीडियाने सगळी वाहतूक कूटबद्ध करत असल्याचं जाहीर केलं. कूटबद्ध जोडणीत मधल्या माणसाला तुम्ही कोणतं पान वाचता ते दिसत नाही, पण कोणत्या होस्टकडे जाता ते सहसा दिसतं. भाषा होस्टच्या नावात असल्यामुळे एकट्या चिनीवर बोट ठेवता आलं. भाषा फोल्डरमध्ये असती, तर सगळं बंद करा किंवा काहीच करू नका, हे दोनच पर्याय उरले असते.

मग सबडोमेनने चिनी वाचकांचं नुकसान केलं का? याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. चिनी विकिपीडिया एकटा पाडणं सोपं झालं हे खरं. पण त्याच फटीतून चीनमधल्या वाचकांना इंग्रजी, जपानी वगैरे आवृत्त्या आणखी जवळजवळ चार वर्षं मिळत राहिल्या. एप्रिल २०१९मध्ये सगळ्याच भाषा बंद झाल्या.

तुर्कस्तानने एप्रिल २०१७मध्ये आधीपासूनच सरसकट बंदी घातली. आक्षेप होता तो इंग्रजीतल्या लेखांवर, बंद झाला तो तुर्की धरून सगळ्या भाषांचा विकिपीडिया. तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२०मध्ये तो पुन्हा उघडला. म्हणजे वेगळं घर असलं तरी आडनाव एक असल्यावर रोष सगळ्या कुटुंबावर येऊ शकतो. सबडोमेन ही तडजोड आहे. स्वतंत्र डोमेनइतकी सुटी नाही, फोल्डरइतकी जखडलेली नाही.

लिपीला मात्र फोल्डर

या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली बाब अशी की, भाषेला सबडोमेन देणाऱ्या याच विकिपीडियाने लिपीला फोल्डर दिलं. सर्बियन सिरिलिकमध्येही लिहितात आणि लॅटिनमध्येही. सर्बियन विकिपीडिया एकच आहे. पत्त्यातल्या तिरक्या रेघेनंतरचा तुकडा बदलला की तोच लेख दुसऱ्या लिपीत दिसतो, आणि हे रूपांतर यंत्र करतं. चिनीतही तसंच: सोपी केलेली अक्षरं, पारंपरिक अक्षरं, तैवानची शब्दकळा, मुख्य भूमीची शब्दकळा, सगळं एका घरात, वेगवेगळ्या फोल्डरांत.

इथे नियम आपोआप उघडा पडतो. मजकूर लिहिणारी माणसं एक असतील आणि फक्त रूप बदलत असेल, तर फोल्डर. माणसं वेगळी असतील आणि निर्णय वेगळे घेणार असतील, तर सबडोमेन. बीबीसीच्या मराठी सेवेकडे पाहा. ती ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झाली आणि तिचा पत्ता बीबीसी डॉट कॉमनंतर तिरकी रेघ आणि ‘मराठी’ असा आहे. बातम्या मराठी पत्रकार लिहितात, अनुवादच असतात असं नाही. पण संपादकीय धोरण, ब्रँड आणि सॉफ्टवेअर एकाच संस्थेचं. तिथे चावडी नाही, कौल नाही. म्हणून फोल्डर शोभतं.

आता गूगल. गूगलच्या मार्गदर्शनात तिन्ही वाटा चालतात. देशाच्या डोमेनवरून देश कळतो, एवढा एक फायदा. भाषा ते पानावरच्या मजकुरावरून ओळखतात, पत्त्यावरून नाही. एकाच पानाच्या भाषा-आवृत्त्या एकमेकींशी जोडायला ‘एचआरईएफलँग’ ही खूण २०११पासून आहे. प्रत्येक आवृत्तीने बाकी सगळ्यांकडे बोट दाखवायचं, आणि बोट परतही यायला हवं. एकतर्फी खूण दुर्लक्षित होते. विकिपीडियाला बॉट लावून जी कसरत करावी लागत होती, तीच ही, फक्त छोट्या प्रमाणावर. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘कोणतं पान कोणत्या पानाचं भावंड’ हा तक्ता एका जागी ठेवावा. नव्व्याण्णव ठिकाणी लिहू नये.

गोव्याचा प्रश्न

मराठी वाचकाला हे सगळं सर्वांत जवळून जिथे भिडतं, ती जागा गोवा. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी ही तिथली राजभाषा, आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान. शिवाय इंग्रजी. शिवाय कोकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही लिहिली जाते, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात कन्नड लिपीतही. गोव्यातल्या कुणाही संस्थेला संकेतस्थळ करायचं म्हटलं की हा सगळा संसार पत्त्यात बसवावा लागतो.

विकिपीडियाच्या कसोटीने पाहिलं तर देवनागरी कोकणी आणि रोमी कोकणी या फोल्डरच्या जागा वाटतात. भाषा एक, रूपं दोन. पण सर्बियनसारखं यंत्राने रूपांतर इथे सरळ होत नाही. रोमी कोकणीची स्वतःची लेखनपरंपरा आहे, स्वतःचे लेखक आणि वाचक आहेत, शब्दही थोडे निराळे. त्यामुळे ती फक्त लिपी राहत नाही. अशा वेळी एकाच मजकुराची दोन रूपं करायची की दोन मजकूर लिहायचे, हे आधी ठरवावं लागतं, पत्ता नंतर. संस्थेकडे रोमीत लिहिणारं माणूस नसेल, तर रोमीचं सबडोमेन उघडून ते ओसाड ठेवू नये.

संकेताचा पेच आणखी वेगळा. कोकणीला दोन अक्षरी संकेतच नाही. ‘केओके’ हा तीन अक्षरी संकेत छत्रीसारखा आहे आणि त्याखाली दोन: ‘जीओएम’ म्हणजे गोव्याची कोकणी, आणि ‘केएनएन’ म्हणजे कोकणी म्हणूनच नोंदलेली दुसरी. गूगलचं मार्गदर्शन भाषेसाठी दोन अक्षरी संकेत मागतं, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी पानं एकमेकींशी नीट जोडता येतात आणि कोकणी पान त्या साखळीबाहेर राहतं. इथे वाचकाला दिसणारी, पानावरची भाषांची साधी यादीच कामाला येते. ती खूप ठळक ठेवावी.

कोकणी विकिपीडिया बरीच वर्षं इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे घर मिळण्याआधीच्या ओसरीवर होता. २०१५मध्ये त्याला स्वतःचं सबडोमेन मिळालं, ‘जीओएम’. तिथे देवनागरी आणि रोमी लेख शेजारी शेजारी आहेत, यंत्राच्या रूपांतराशिवाय, ज्याने ज्या लिपीत लिहिला त्या लिपीत. ‘केएनएन’ या पत्त्यावर विकिपीडिया नाही. सावंतवाडीच्या कुणाला आपल्या बोलीत लेख लिहायचा असेल, तर त्याने ‘जीओएम’चं दार वाजवायचं की ‘एमआर’चं, हे अजून त्यालाच ठरवावं लागतं.